तबकडीच्या मागे : नांदेड ते लातूर

मराठवाड्यात लंबकाचं जुनं घड्याळ दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘इंग्रजांच्या काळातलं आहे.’ मग ते वाड्याच्या ओसरीवरचं असो, सराफाच्या पेढीवरचं असो, नाहीतर शाळेत हेडमास्तरांच्या खोलीतलं असो. खरं तर नांदेड आणि लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. इथं कलेक्टर इंग्रज नव्हता, कचेरीची भाषा उर्दू होती आणि दफ्तरात साल फसली होतं. तरीही इंग्लंडात घडलेली भिंतीवरची घड्याळं इथं आली. ती कुठल्या वाटेनं आली आणि आज त्यातलं काय शिल्लक आहे, हे बघायला मी नांदेडहून लातूरपर्यंत गेलो.

या प्रवासात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधीच सांगतो. घड्याळ तबकडीवरून ओळखू नये. तबकडीवर नाव असतं ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं. घडवणारा कोण, कुठला, हे तबकडीच्या मागे कळतं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नांदेड-लातूरच्या माणसांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या संगीत-घड्याळासमोर दुपारी बाराच्या आधी गर्दी जमते. तास भरला की एक छोटा दाढीवाला माणूस दार उघडून बाहेर येतो आणि टोल देऊन आत जातो. त्या घड्याळाशी नाव जोडलेलं आहे कुक अँड केल्वी यांचं, आणि कुक अँड केल्वी हे कलकत्त्याचे व्यापारी. यंत्राचे साडेतीनशेच्या वर भाग इंग्लंडातून आले, जोडणी कलकत्त्यात झाली. मुंबईत राजाबाई टॉवरचं घड्याळ ज्यांनी दिलं ते लंडनचे लंड अँड ब्लॉकली मुंबईतही दुकान थाटून होते. मोठमोठ्या घड्याळांची ही गत, तर साध्या भिंतीवरच्या घड्याळावरचं नाव किती भरवशाचं धरायचं?

नांदेडात उतरल्यावर मी स्टेशनवरून वजिराबाद ओलांडून जुन्या गावाकडे गेलो. सचखंड गुरुद्वाऱ्याचा परिसर आता मोठा, मोकळा आणि स्वच्छ झाला आहे. पण इतवाऱ्याच्या बाजूच्या गल्ल्या अजून जुन्या मापाच्या आहेत. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. अशाच एका गल्लीत घड्याळजींचं दुकान आहे. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. दुकान म्हणजे काचेचं एक काउंटर, मागे एक माणूस बसेल एवढी जागा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतभर बंद घड्याळं.

“अब तो सेल बदलने का धंदा है, साब. मशीन कौन खोलता?” ते म्हणाले. मी खास मशीन बघायलाच आलोय हे कळल्यावर मात्र त्यांनी काउंटरवरचा सगळा पसारा बाजूला केला, एक पांढरं फडकं अंथरलं आणि भिंतीवरचं एक घड्याळ उतरवून घेतलं.

उंच लाकडी पेटी, खाली लंबकाची काच आणि काचेवर सोनेरी अक्षरांत ‘रेग्युलेटर’. आपल्याकडे ज्याला लोक डोळे झाकून इंग्रजी म्हणतात, ते हेच. चाचांनी तबकडी काढली. आत पातळ पितळी प्लेट, त्यातही मधलं पितळ कापून काढून नुसत्या पट्ट्या ठेवलेल्या. कमान उघडीच, डबीबिबी काही नाही. छोट्या पिनियनला घन पोलादात कापलेले दात नव्हते. दोन चकत्यांच्या मध्ये तारेचे तुकडे बसवले होते. हे अमेरिकन घड्याळ. सेथ थॉमस, अँसोनिया अशा कारखान्यांनी साच्यात पत्रा कापून अशी यंत्रं हजारोंनी काढली. त्याच्या शेजारचं घड्याळ बाहेरून पहिल्याच्या सख्ख्या भावासारखं दिसत होतं, पण आत प्लेट सबंध होत्या, दोन्ही कमानी पितळी डब्यांत होत्या आणि मागच्या प्लेटवर तारा ठोकलेला होता. तो श्रामबर्गच्या युंगहान्सचा, म्हणजे जर्मनीचा.

“आणि इंग्रजी?” मी विचारलं.

चाचा आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गोल घड्याळ घेऊन आले. दुरुस्तीला आलेलं, एका जुन्या रेल्वे नोकराच्या घरचं. त्याला लंबकाची काच नव्हती, सोनेरी अक्षरं नव्हती, टोलही नव्हता. महोगनीचं गोल कडं, पितळी चौकटीत फुगीर काच आणि बारा इंचांची पांढरी तबकडी. बस्स. आमच्या घरात हे असतं तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं.

चाचांनी ते पालथं घातलं. मागे चौकोनी लाकडी पेटी होती. ती पुढच्या कड्याला एकाही स्क्रूने बसवलेली नव्हती. चार लाकडी खुंट्या होत्या, एका टोकाला निमुळत्या. चाचांनी त्या अंगठ्याने एकेक करून दाबून काढल्या आणि पेटी अलगद सुटली. शंभर वर्षांत ती किती वेळा उघडली गेली असेल, तरी खुंट्या ढिल्या नव्हत्या. झिजतील तशा त्या थोड्या आत सरकतात आणि पुन्हा घट्ट बसतात. पेटीला एका कुशीला छोटं दार होतं, लंबक बघायला, आणि खाली आणखी एक, लंबकाचं बूड फिरवायला. म्हणजे घड्याळ भिंतीवरून न उतरवता त्याची देखभाल करता यावी हा विचार सुताराने आधीच केला होता.

यंत्र उघडं पडलं आणि मला पहिल्यांदा कळलं की लोक या साध्या गोल घड्याळासाठी वेडे का होतात. दोन जाड, सबंध पितळी प्लेट. त्यांच्यामध्ये घडीव खांब. एका बाजूला कमानीची मोठी डबी आणि दुसऱ्या बाजूला पितळेचा एक शंकू, वरपासून खालपर्यंत गोल फिरत गेलेल्या खाचेचा. डबीपासून शंकूपर्यंत पोलादी साखळी ताणलेली. सायकलच्या चेनसारखीच रचना, फक्त कडी इतकी बारीक की चाचांनी भिंग माझ्या हातात दिलं. या शंकूला फ्यूझी म्हणतात, आणि इंग्रजी घड्याळाची खरी खूण ती हीच.

फ्यूझीचं काम समजून घेतलं की इंग्रज कारागिराचा स्वभाव कळतो. कमानीला चावी दिली की पहिल्या दिवशी ती जोरात ओढते आणि आठव्या दिवशी तिचा जोर संपत येतो. चाकांवर जोर असा कमीजास्त झाला की घड्याळ आठवड्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरीच चाल धरतं. फ्यूझीत चावी कमानीला नव्हे, शंकूला देतात. साखळी डबीवरून सुटून शंकूच्या खाचेत गुंडाळली जाते आणि पूर्ण चावी झाली की ती शंकूच्या अरुंद टोकाला पोचते. तिथं कमानीचा ओढा जास्त, पण तरफ लहान. दिवस जातात तशी साखळी रुंद बुडाकडे सरकते. कमानीचा ओढा कमी होतो, तरफ मोठी होते. दोन्हींचा गुणाकार सारखा राहतो आणि चाकांना आठही दिवस जवळपास एकच जोर मिळतो. चावी जास्त झाली तर? त्याचीही सोय आहे. साखळी वरच्या टोकाला आली की ती एक पोलादी पट्टी उचलते, पट्टी शंकूच्या दाताला अडते आणि चावी पुढे फिरतच नाही. ‘जास्त चावी दिली म्हणून कमान तुटली’ ही तक्रार या घड्याळात सहसा येत नाही.

फ्यूझी घड्याळात फार जुनी. पुढे अमेरिकन आणि जर्मन कारखान्यांनी लांब, पातळ कमान घालून तिला फाटा दिला. स्वस्तात घड्याळ द्यायचं तर तेच शहाणपणाचं होतं. इंग्रजांनी मात्र भिंतीवरच्या घड्याळात विसाव्या शतकापर्यंत ती सोडली नाही. हा हट्ट धंद्याला महाग पडला, पण घड्याळाला तारक ठरला.

आणि ती साखळी! इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्च नावाचं गाव आहे. १७९० च्या सुमारास रॉबर्ट कॉक्स यांनी तिथं फ्यूझीच्या साखळ्यांचा उद्योग उभा केला. कड्या छिद्रं पाडून, एकावर एक बसवून, बारीक खिळ्यांनी जोडण्याचं काम बायका आणि लहान मुली करत; गावातल्या गरीबगृहातल्या मुलीही त्यात होत्या. अंधुक उजेडात हे काम करताना अनेकींची नजर अधू झाली. लंडनच्या दुकानदाराचं नाव तबकडीवर मोठ्या अक्षरांत येतं. या मुलींचं नाव कुठंच नाही. चाचांच्या काउंटरवर ती साखळी भिंगातून बघताना मला त्यांचीच आठवण येत राहिली.

बाकीचं कामही असंच वाटलेलं होतं. कच्ची यंत्रं लँकेशरच्या प्रेस्कॉटमध्ये होत, तबकड्या बर्मिंगहॅमला रंगवल्या जात, आणि जुळवणी लंडनच्या क्लर्कनवेल भागात होई. थ्वेट्स यांच्यासारखी घराणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या याच कामात होती, आणि त्यांची यंत्रं अनेकदा दुसऱ्याच दुकानदारांच्या नावाने विकली जात. तबकडी लोखंडी पत्र्याची. तिच्यावर पांढऱ्या रंगाचे थर, मग काळे रोमन आकडे. चार आकडा चार उभ्या रेघांचा, समोरच्या आठाला तोलून धरणारा.

चाचांनी मागच्या प्लेटवरची धूळ ब्रशने झटकली आणि भिंग तिरकं धरायला सांगितलं. पितळावर सुईने ओरखडलेल्या खुणा होत्या: एक इंग्रजी अक्षरांत, दोन उर्दूत, एक मोडीसारखी. ज्याने ज्याने घड्याळ साफ केलं त्याने आपली खूण ठेवलेली. ही पद्धत इंग्लंडातही आहे आणि इथंही. त्यातल्या एका उर्दू खुणेवर चाचांनी बोट ठेवलं. ती त्यांच्या उस्तादांची. त्याच प्लेटवर एका आसाच्या भोकाभोवती टोच्याने मारलेल्या ठिपक्यांचं कडं होतं. भोक झिजून मोठं झालं की नवं पितळी बुश बसवायचं, ही रीत. कामचुकार माणूस भोकाभोवती ठोके देऊन पितळ आत सरकवतो. भोक तात्पुरतं आवळतं, आणि पुढच्या कारागिराचं काम दुप्पट होतं. चाचा त्या ठिपक्यांकडे बघून फक्त जीभ टाळूला लावून ‘च्च’ म्हणाले. तो कोण होता हे त्यांना माहीत होतं, पण नाव घेतलं नाही.

आता हे घड्याळ नांदेडात आलं कसं? इंग्लंडात अशा गोल घड्याळाचं घर म्हणजे सार्वजनिक भिंत. १७९७ मध्ये पंतप्रधान पिट यांनी घड्याळांवर कर बसवला. भिंतीवरच्या किंवा उभ्या घड्याळाला वर्षाला पाच शिलिंग. लोकांनी घड्याळं विकत घेणंच सोडलं, कारागीर रस्त्यावर आले आणि पुढच्याच वर्षी कर मागे घ्यावा लागला. त्या काळात लोक खाणावळींच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांत वेळ बघत. पुढे तीच जागा कचेऱ्या, शाळा, गिरण्या आणि रेल्वे स्टेशनांनी घेतली. बारा इंचांची साधी, ठसठशीत तबकडी म्हणूनच आली: लांबून दिसली पाहिजे, आणि टोल नको, कारण ऑफिसात टोलाचा त्रासच.

नांदेडला ती रेल्वेच्याच वाटेनं आली. निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही १८८३ मध्ये लंडनला स्थापन झालेली कंपनी. राज्य निजामाचं, पैशाची हमी निजामाची, कारभार लंडनचा. तिच्या ताब्यातला हैदराबाद-गोदावरी व्हॅलीचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत १९०१ पर्यंत सिकंदराबादला जाऊन पोचला. १९३० मध्ये निजाम सरकारने कंपनीच विकत घेतली. इंजिनापासून शिट्टीपर्यंत सगळं सामान विलायतेहून आणण्याचा तो काळ. स्टेशनमास्तरच्या खोलीतलं घड्याळ त्याच सामानाचा भाग होतं. तबकडीवर कंपनीची आद्याक्षरं रंगवून घेण्याची पद्धत रेल्वेत होती. चाचांच्या हातातल्या तबकडीवर मात्र अक्षरांच्या जागी नुसता पिवळसर डाग राहिला होता.

रेल्वे आली तेव्हा नांदेडला वेळा दोन झाल्या. रूळ चालत मद्रासच्या वेळेवर, आणि नांदेडचा सूर्य मद्रासच्या सुमारे बारा मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि अंतर आणखी वाढलं. नांदेडला सूर्य सरासरीने दुपारी बारा एकविसाला माथ्यावर येतो, लातूरला बारा चोविसाला. पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या जोशीबुवांना हा फरक तेव्हाही ठाऊक होता, आजही आहे. स्टेशनात ठरलेल्या वेळी तारेने वेळ कळायची, मास्तर काटे जुळवायचे, आणि गावातली माणसं स्टेशनावरून येताना ती वेळ आपल्याबरोबर घेऊन यायची.

पण लंडनहून आलेलं घड्याळ नुसतं टांगून भागत नव्हतं. याचं कारण मला फार सुंदर वाटतं. लंबकाची चाल गुरुत्वाकर्षणावर ठरते आणि ते पृथ्वीवर सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्ताकडे यावं तसं ते कमी होतं. झां रिशे हा फ्रेंच शास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या काएनला गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारं त्याचं घड्याळ तिथं रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. हाच हिशेब नांदेडला लावला तर लंडनला अचूक जुळवलेलं घड्याळ इथं दिवसाला सुमारे दोन मिनिटं मागे पडेल. म्हणून लंबकाच्या बुडाशी स्क्रू असतो. तो फिरवून गोळा वर घेतला की चाल वाढते. पेटीच्या खालचं ते छोटं दार याचसाठी.

त्यात आपला उन्हाळा. पितळी दांड्याचा लंबक तापमान एक अंशाने वाढलं की दिवसाला पाऊण सेकंदाच्या थोडं वर मागे पडतो. पौषातली पंधरा अंशांची पहाट आणि वैशाखातली बेचाळीस अंशांची दुपार यांतला फरक धरला तर दिवसाला वीस-बावीस सेकंद. जॉर्ज ग्रॅहम आणि जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकातच पारा भरलेला लंबक आणि पितळ-पोलादाच्या जोड दांड्यांचा लंबक काढून यावर तोड काढली होती. पण ती वेधशाळेची चैन. स्टेशनातल्या घड्याळाला मास्तरचा हातच पुरे होता. चाचांचा मुख्य राग वेगळ्याच गोष्टीवर आहे: खोबरेल. लोक प्रेमाने यंत्रात खोबरेल सोडतात, थंडीत ते थिजतं, त्यावर काळ्या रानाची बारीक धूळ बसते आणि दोन्ही मिळून आसाची टोकं खरवडून काढतात. टोकांपुरतं घड्याळाचं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.

लातूरला मी एसटीनेच निघालो. लोह्याला कंधारचा फाटा, पुढे अहमदपूर, चाकूर. रस्ता हळूहळू बालाघाटाच्या पठारावर चढत जातो. लातूर नांदेडपेक्षा दोन-अडीचशे मीटर उंच आहे. खिडकीतून हरभऱ्याची रानं बघताना मनात हिशेब चालू होता: चाचांचं घड्याळ या गाडीतून लातूरला नेलं तर तेवढ्या चढानेच ते दिवसाला दोन-तीन सेकंद मागे पडेल. इतक्या बारीक फरकाला जाणणारं यंत्र माणसाने फक्त पितळ, पोलाद आणि लाकडातून घडवलं होतं.

लातूरची इंग्रजी वाट नांदेडपेक्षा वेगळी. एव्हरार्ड काल्थ्रप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली, अडीच फुटी रुळांची. १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडहून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरला आली. कंपनी लंडनची, इंजिनं लीड्सच्या किट्सन कारखान्याची. १९५४ पर्यंत ही रेल्वे खासगी कंपनीकडे होती आणि पुढेही अनेक वर्षं लातूरकर तिला ‘बार्शी लाइट’च म्हणत राहिले. तिच्यामागोमाग व्यापार वाढला आणि १९१७ ची गंजगोलाई उभी राहिली: मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती दुमजली गोल बाजार, सोळा दिशांना सोळा रस्ते, आणि एकेका रस्त्याला एकेक धंदा. गूळ, तूर, कापूस बाहेर जायचा आणि त्याच डब्यांतून बाहेरचा माल लातुरात यायचा. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडची घड्याळं याच वाटेनं पेढ्यांवर आणि वाड्यांत पोचली.

गोलाईच्या मागच्या एका वाड्यात मला एका आडत्यांच्या घरचं घड्याळ बघायला मिळालं. काकांनी, म्हणजे घरातल्या थोरल्यांनी, ते अभिमानाने दाखवलं: “आमच्या आज्यानं आणलेलं. अस्सल इंग्रजी बघा.” तबकडीवर मुंबईच्या दुकानाचं नाव इंग्रजीत. काकांच्या परवानगीने मी तबकडीच्या कडेने टॉर्च मारून आत पाहिलं. कापलेल्या प्लेट, उघडी कमान, तारेचे पिनियन. अमेरिकन. ते कसं सांगावं, या विचारात मी काही वेळ गप्प राहिलो. मग सांगितलं, आणि त्यामागची गोष्टही सांगितली.

१८४२ मध्ये कनेक्टिकटच्या चॉन्सी जेरोमने पितळी यंत्राची घड्याळं पहिल्यांदा इंग्लंडला पाठवली. किंमत इतकी कमी लावली होती की इंग्रज जकात अधिकाऱ्यांना वाटलं, हा लबाडी करतोय. कायद्याप्रमाणे त्यांनी सांगितलेल्या किमतीवर दहा टक्के जास्त देऊन सगळा माल सरकारजमा केला. जेरोमला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार? त्याने दुसरी खेप पाठवली. तीही सरकारने घेतली. तिसऱ्या खेपेला मात्र अधिकारी शहाणे झाले आणि माल सुटला. तिथून इंग्लंडच्या घराघरांत अमेरिकन घड्याळं शिरली आणि क्लर्कनवेलच्या कारागिरांच्या हातचं काम ओसरत गेलं. त्यांच्यामागून जर्मन आले, आणि १८९२ मध्ये टोकियोत सेइकोशा निघाल्यावर जपानीही. म्हणजे खुद्द इंग्लंडातल्या घरात जे घड्याळ टांगलं जात होतं तेच लातूरच्या वाड्यात टांगलं गेलं. काकांना हे आवडलं. “मग आज्यानं पारख बरोबरच केली म्हणायची,” ते म्हणाले. ते घड्याळ त्या घरात दर रविवारी चावी घेत आलं आहे आणि अजून बिनचूक टोल देतं.

मला वाटतं, नांदेड-लातूरच्या जुन्या घड्याळांचं खरं चित्र हे असं आहे: इंग्रजी घड्याळं मोजकी आणि ती स्टेशनांत, कचेऱ्यांत, गिरण्यांत; घरातली जवळपास सगळी अमेरिकन, जर्मन, जपानी. ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द दोन्हींना लागू पडतो, पण ‘ब्रिटिश’ फार थोड्यांना.

लातूर जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. जुन्या वाड्यांच्या त्या भिंतींबरोबर त्यांच्यावरचं सगळं गेलं: फोटो, देव्हारे, घड्याळं. औसा-निलंग्याच्या बाजूला जुन्या वस्तू कमी का दिसतात, असं बाहेरून येणारे व्यापारी विचारतात. तिथल्या माणसांना तो प्रश्न विचारू नये.

हल्ली ‘ब्रिटिश अँटिक’ म्हणून मुंबईच्या चोरबाजारातून आणि फोनवरून बरीच घड्याळं इकडे विकली जातात. घेणाऱ्याने निदान एवढं बघावं. तबकडीचा रंग अगदी नितळ आणि अक्षरं कोरी करकरीत असतील तर ती नव्याने रंगवलेली आहे. कड्याच्या मागे जुन्या खुंट्यांची भोकं आहेत आणि पेटी मात्र नव्या स्क्रूंनी बसवली आहे, तर पेटी दुसऱ्या कुठल्या घड्याळाची. प्लेटवर वापरात नसलेली भोकं दिसली तर यंत्र दुसऱ्या तबकडीसाठी घडलेलं. फ्यूझीवर साखळीच्या जागी तार गुंडाळलेली असेल तर साखळी तुटली किंवा काढून विकली असण्याची शक्यता आहे. आणि भिंतीवर लावल्यावर टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर कानाने ऐकावं. ते सारखं नसेल तर घड्याळ थोड्या वेळात थांबणार. पेटी किंचित डावी-उजवी सरकवून ते सारखं करता येतं. चाचांनी मला हे डोळे मिटून करायला लावलं होतं.

चाचांकडे आज शिकणारा कुणी नाही. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, आणि त्याची कमाई बापापेक्षा जास्त आहे. त्याला दोष देता येणार नाही. पण नांदेड आणि लातूर दोन्हीकडे आयटीआय आहेत, तिथं लेथवर पोरं रोज पितळ आणि पोलाद कापायला शिकतात. बुश वळणं, आसाचं झिजलेलं टोक पुन्हा घासून चकचकीत करणं, तुटलेला दात नव्याने बसवणं, हे त्याच हाताचं काम आहे. त्यातल्या दोघा-तिघांनी आठवड्यातून एक दुपार इतवाऱ्यात चाचांच्या काउंटरजवळ बसायचं ठरवलं, तर ते शिकवायला तयार आहेत; मी त्यांना विचारलं आहे. पगार मागत नाहीत. त्यांची अट एकच आहे: येणाऱ्याने आधी महिनाभर नुसती प्लेट घासायची, तेलाला हात लावायचा नाही.